भरती-प्रवाह टर्बाइनांवरील संक्षोभाचा परिणाम

भरती-ओहोटीमुळे सामुद्रधुन्यांतून व खाड्यांच्या मुखांतून वाहणाऱ्या पाण्याच्या गतिज ऊर्जेपासून वीज निर्माण करणाऱ्या यंत्रास भरती-प्रवाह टर्बाइन म्हणतात. त्यासाठी धरण लागत नाही. पवनचक्की वाऱ्यात फिरते तसे हे टर्बाइन थेट प्रवाहात फिरते. असे वेगवान प्रवाह बहुधा संक्षुब्ध असतात, म्हणजे त्यांचा वेग व दिशा क्षणोक्षणी अनियमितपणे बदलतात. सरासरी वीजनिर्मितीवर या संक्षोभाचा परिणाम अल्प असतो. मात्र त्यामुळे पात्यांवरील भारांतील चढउतार वाढतात, तसेच टर्बाइनमागे मंदावलेले पाणी लवकर पूर्ववत वेग घेते.

संक्षोभाची कारणे व मापन

समुद्रतळाचा खडबडीतपणा, बेटे, भूशिरे व पाण्याखालील खडक यांमुळे प्रवाहात भोवरे निर्माण होतात. लाटांमुळे होणारी पाण्याची हालचालही त्यात मिसळते. मोठे भोवरे फुटून लहान होत जातात व अखेरीस त्यांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

वेगातील चढउतारांच्या प्रमाण विचलनास सरासरी वेगाने भागले असता संक्षोभ तीव्रता मिळते. ती टक्क्यांत मांडतात. अमेरिकेतील प्युजेट साउंड येथील मापनांत ती सुमारे १० टक्के आढळली. भरती व ओहोटी यांच्या संधिकाळात सरासरी वेग शून्याजवळ येत असल्याने ही टक्केवारी अवाजवी फुगते. म्हणून टर्बाइन चालू राहील इतका वेग असतानाच तिचा विचार केला जातो.

मापनासाठी ध्वनिलहरींवर चालणारे डॉप्लर प्रवाहमापक समुद्रतळावर ठेवतात. उपकरणाचा स्वतःचा गोंगाट वजा न केल्यास संक्षोभ प्रत्यक्षाहून अधिक दिसतो.

वीजनिर्मितीवरील परिणाम

प्रवाहातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी वाढल्यास उपलब्ध शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. या घनसंबंधामुळे समान सरासरी वेग असलेल्या दोन प्रवाहांपैकी संक्षुब्ध प्रवाहात सैद्धांतिक शक्ती किंचित अधिक असते. चढउतार सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे असतील, तर १० टक्के तीव्रतेस ही वाढ सुमारे ३ टक्के भरते. चक्राला प्रत्येक क्षणिक बदलाशी जुळवून घेता येत नसल्याने ही सर्व वाढ पदरात पडत नाही.

भोवऱ्यांचा आकारही महत्त्वाचा ठरतो. चक्राच्या व्यासाहून बरेच लहान भोवरे वेगवेगळ्या पात्यांवर वेगवेगळे परिणाम करतात व ते बव्हंशी एकमेकांत विरून जातात. व्यासाएवढे किंवा त्याहून मोठे भोवरे मात्र संपूर्ण चक्रावर एकाच वेळी आदळतात आणि विजेच्या उत्पादनात ठळक चढउतार घडवतात.

भार व शिणवटा

समुद्राच्या पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पटींहून अधिक असते. त्यामुळे पवनचक्कीच्या तुलनेत लहान चक्रावरही मोठे बल येते. प्रवाहाचा चक्रावरील रेटा ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेगातील १० टक्के वाढीने तो सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. अशा लाखो आवर्तनांमुळे पाती, त्यांचे सांधे व धारवे यांत शिणवटा साचतो आणि कमाल क्षमतेपेक्षा कमी भाराखालीही तडे जाऊ शकतात. समुद्रतळावरील यंत्र दुरुस्तीसाठी वर काढणे खर्चिक असते व त्यासाठी मंद प्रवाहाचा अल्प अवधीच मिळतो. त्यामुळे पाती किती भक्कम करावीत, हा संरचनेप्रमाणेच खर्चाचाही प्रश्न ठरतो.

पश्चप्रवाह

टर्बाइनने ऊर्जा काढून घेतल्यावर त्यामागे मंद व फिरत्या पाण्याचा पट्टा तयार होतो, त्यास पश्चप्रवाह म्हणतात. चक्रालगत पात्यांच्या टोकांपासून सुटणारे सर्पिल भोवरे या पट्ट्याभोवती जणू कवच निर्माण करतात. ते फुटल्यानंतर बाहेरील वेगवान पाणी आत मिसळू लागते. मूळ प्रवाह जितका संक्षुब्ध, तितके हे कवच लवकर मोडते व वेगातील तूट लवकर भरून निघते.

फ्रान्समधील बुलोन-स्युर-मेर येथील इफ्रेमेर संस्थेच्या प्रायोगिक जलप्रवाह टाकीत ०.७ मीटर व्यासाच्या तीनपाती प्रतिकृतीवर ३ व १५ टक्के तीव्रतेस चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सरासरी कामगिरीत फरक अल्प आढळला, परंतु १५ टक्के तीव्रतेस भारांतील चढउतार बरेच वाढले. ३ टक्के तीव्रतेस वेगातील तूट १० व्यास अंतरावरही स्पष्ट होती. १५ टक्के तीव्रतेस ती त्याहून बऱ्याच कमी अंतरात भरून निघाली.

टर्बाइनांची मांडणी

एकाच सामुद्रधुनीत अनेक टर्बाइने बसवताना मागील टर्बाइन पुढच्याच्या पश्चप्रवाहात सापडल्यास त्यास कमी वेगाचे व अधिक खवळलेले पाणी मिळते, म्हणजे उत्पादन घटते व शिणवटा वाढतो. म्हणून ओळींत पुरेसे अंतर ठेवून टर्बाइने तिरकस क्रमाने मांडतात. नैसर्गिक संक्षोभ तीव्र असल्यास हे अंतर कमी करता येते, पण प्रत्येक यंत्र अधिक भक्कम करावे लागते.

भरती व ओहोटीत प्रवाह उलटत असल्याने पुढची ओळ काही तासांनी मागची होते. दोन्ही दिशांकडील समुद्रतळ भिन्न असल्यास त्या त्या वेळचा संक्षोभही भिन्न असतो. त्यामुळे स्कॉटलंडमधील पेंटलंड फर्थसारख्या ठिकाणी मांडणी ठरवताना केवळ सरासरी वेग पुरेसा ठरत नाही. दोन्ही प्रवाहांतील संक्षोभाचे मापन आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

भरती-ओहोटी
पवन ऊर्जा
द्रायुगतिकी