रानपिंगळ्याची बखर

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया व तहनामे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु वीतभर पांखरासही इतिहास असतो, आणि खऱ्याखोट्या कागदांची छाननी तेथेंही करावी लागते. रानपिंगळ्याची कहाणी ह्याची साक्ष देईल.

सागाच्या रानांत राहणारा, दिवसाढवळ्या सरडे-पाली टिपणारा व जुन्या झाडांच्या ढोलींत अंडीं घालणारा हा पिंगळा १८७२ सालीं ब्लेविट ह्या सरकारी अधिकाऱ्यास आजच्या छत्तीसगडांत मिळाला. पुढील वर्षीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें तें ह्यूम ह्यांनीं. राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळें वाचकांस सुपरिचित असलेले ह्यूम ते हेच. १८८४ नंतर मात्र ह्या पांखराचा माग हरपला. पुढें माइनर्ट्झहागेन नामक लष्करी अधिकाऱ्यानें म्युझियममधील जुना नमुना चोरून, 'मांडवी, १९१४' अशी बनावट चिठ्ठी त्यास बांधली. ही लबाडी रासमुसेन ह्या विदुषींनीं उघडकीस आणली. खोटी चिठ्ठी बाजूस सारून खऱ्या नोंदींच्या आधारें त्यांनीं व त्यांच्या दोघां सहकाऱ्यांनीं नोव्हेंबर १९९७ मध्यें खानदेशांतील शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत पाहिला. मध्यें ११३ वर्षें लोटलीं होतीं!

सतराच वर्षांनीं, २०१४ सालीं, तो शहापूर तालुक्यांतील तानसा अभयारण्यांत आढळला. सातपुड्यापासून इतक्या दूर हें रान टिकलें कसें? १८९२ सालीं मुंबईच्या पाण्यासाठीं तानसा तलाव बांधला गेला. पाणी निर्मळ राहावें म्हणून भोवतालचें जंगल राखणें भाग पडलें; १९७० सालीं तें अभयारण्य झालें. मुंबईकराच्या नळाशीं ह्या पांखराचें नातें आहे तें असें.

ह्यूम ह्यांनीं त्यास वेगळ्या प्रजातींत बसविलें होतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुक-परीक्षेनें तो आपल्या साध्या पिंगळ्याच्याच गोत्रांतला ठरला. जनुकांतील ह्या दस्तऐवजाची चिठ्ठी कोणास बदलतां येत नाहीं. परंतु तो वाचावयास पक्षी उरला पाहिजे. आणि जगांतील प्रौढ रानपिंगळे हजारांहून कमी असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

पोकळ खोड लांकडाच्या व्यापाऱ्यास कवडीमोल. सरपणास आधीं तेंच जातें. रानपिंगळ्याचें तेंच घर. पण कुऱ्हाड उचलणाऱ्यास दोष देणेंही न्याय्य नव्हे. तानसा-भातसा उशाशीं असतां शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांवरील बाया उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं टँकरची वाट पाहतात. ज्या रानानें शहराची तहान भागविली, त्या रानाच्या शेजाऱ्यांस पाणी व जळण मिळाल्यावांचून तें रान फार काळ राखतां येणार नाहीं. खोटी चिठ्ठी संशोधकाच्या चिकाटीनें दुरुस्त झाली. ढोलीचें झाड तुटल्यावर ती चूक दुरुस्त करण्यास कित्येक दशकें लागतात, आणि तेवढा अवधि हें पांखरूं आपणांस देईलच असें नाहीं.