जझीरा, साहिल आणि नगरची वाळू

भूगोलाच्या तासाला 'जझीरा' हा शब्द आला की आम्ही हमखास जंजिऱ्याची गोष्ट सांगतो. त्याच अरबी शब्दाचे ते कोकणी रूप, आणि तो जलदुर्ग एकेकाळी आपल्या नगरच्या निजामशाहीचा. मुले खूश होतात. एकदा मात्र एका मुलाने विचारले, "सर, समुद्र बेटाचा साहिल खातो म्हणता, पण नगरला समुद्र आहेच कुठे?"

समुद्र नाही, पण नाते आहे. मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला, आणि गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला. काकिनाड्यासमोरचे होप बेट तिनेच आणलेल्या वाळूचे. सुमारे दोनशे वर्षांत साचलेली ती लांबलचक पट्टी वादळाच्या लाटा अंगावर घेते, म्हणून मागचे बंदर सुरक्षित राहते. किनाऱ्यावरची वाळू लाटा उचलून नेतात, नदी नवी आणून टाकते. आवक घटली की किनारा मागे सरतो.

आवक घटली ती धरणांमुळे. १९२६ साली प्रवरेवर भंडारदरा पूर्ण झाले, नंतर मुळा धरण आले, १९७६ साली पैठणला जायकवाडी. नाथसागराचे पाणी शेवगाव-नेवाशापर्यंत पसरले, गावे उठली. पुढे तेलंगणात, आंध्रात आणखी बांध. नव्वदच्या दशकात गोदावरीचा समुद्रात जाणारा गाळ सत्तरच्या दशकाच्या मानाने निम्म्याहून कमी भरला. तिच्या मुखाजवळचा किनारा अनेक ठिकाणी खचला. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा गावात समुद्राने कोळ्यांची घरे गिळली.

सगळा दोष नगरच्या माथी मारणे बरोबर नाही. प्राणहिता, इंद्रावती या नद्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी आणि गाळ आणतात. शिवाय भंडारदऱ्याच्या पाण्यावर आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरची चूल पेटते, ऊस त्याच्यावरच उभा राहतो. धरण नको होते असे म्हणण्याची आमची हिंमत नाही आणि तसे आम्हाला वाटतही नाही. पण धरणाखाली उरलेली वाळूही रात्रीच्या डंपरमधून जाते, तिचे काय? ती कोणाच्या ताटात पडते, हे गावात सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही.

त्या मुलाला आम्ही नकाशावर बोट ठेवून प्रवरासंगमपासून काकिनाड्यापर्यंत नेले. तास संपला, घंटा झाली, तरी तो नकाशापाशीच उभा होता. यंदाची सहल प्रवरासंगमला न्यायची म्हणून आम्ही मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे.