पणजोबांची जास्वंद

‘आमची जास्वंद पणजोबांच्या वेळची’ असे इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून आजही ऐकू येते. ऐकणारा ते कौतुकाचे बोलणे समजून सोडून देतो. वास्तविक हे विधान अक्षरशः खरे असू शकते. पूजेतल्या तांबड्या, विशेषतः भरगच्च पाकळ्यांच्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही. ती फांदीपासून वाढवावी लागते, आणि असे झाड म्हणजे मूळ झाडाचाच विस्तार असतो.

ही जास्वंद रानात आपोआप वाढलेली आढळत नाही. माणसांनीच ती देशोदेशी नेली. लिनियसने १७५३ साली तिला ‘चीनचा गुलाब’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यापूर्वीच डच अधिकारी व्हान रेडे यांच्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (आम्स्टरडॅम, १६७८ ते १६९३) तिची नोंद झाली होती. त्या कामी साहाय्य करणारे रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे कोचीनचे कोकणी वैद्य. त्यांचा समाज गोव्याहून तेथे गेलेला. त्यांनी १६७५ साली दिलेला कोकणी दाखला ग्रंथात देवनागरीतच छापलेला आहे. आयुष्य कचेरीत गेल्यामुळे असेल, आम्हांला त्यातील चित्रांहून या दाखल्याचे मोल अधिक वाटते.

आमची जास्वंद बदल्यांबरोबर फिरली. चार्ज देताना खुर्च्या-टेबले मोजली जात. जास्वंद कोणत्याच यादीत नसे. झाड बंगल्यात राही, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार फांद्या आमच्यासोबत निघत. एकदा भर मे महिन्यात बदली झाली आणि चारही वाळल्या. तेव्हा वाडा उभा होता, म्हणून पुन्हा आणता आल्या.

पुढे वाडा विकला गेला. पाडण्यापूर्वीच्या आषाढात आम्ही विहिरीजवळच्या झाडाच्या बारा फांद्या घेतल्या: पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, डोळ्याच्या लगेच खाली तिरप्या कापलेल्या. शेंड्याची दोन पाने ठेवून बाकीची काढली आणि फांद्या ओलसर वाळूत, सावलीत रोवल्या. पाणी बेताचेच द्यावे. काळजीपोटी अधिक घातले की फांदी बुडाशी काळी पडते. आमच्या सात अशाच गेल्या. उरलेल्या पाचांना दीड महिन्यात मुळे फुटली.

त्यांतील एक हैदराबादला पुतण्याकडे आहे. गेल्या गणेश चतुर्थीस तिचे पहिले फूल वाहिल्याचे त्याने कळविले.