गटाराचं झाकण गोल का?
मुलाखतीत कोडी घालण्याची खोड मायक्रोसॉफ्टच्या नावावर जमा असली, तरी तिची मुळं जुनी आहेत. १९२१ साली थॉमस एडिसन नोकरीसाठी आलेल्या पदवीधरांपुढे दीडशेच्या आसपास प्रश्न ठेवी. ते वृत्तपत्रांत फुटले आणि ध्वनीचा वेग आइनस्टाइनलाही तोंडपाठ नसल्याचं उघड झालं. ते निव्वळ पाठांतर होतं, कोड्यातून विचार करण्याची रीत दिसते, असा बचाव होतो. तो अगदीच पोकळ नाही. पण चौकोनी झाकण कर्णाच्या रेषेत तिरकं केलं की आत पडतं, गोल पडत नाही, हे उत्तर पुस्तकांत छापलं गेल्यावर उरतं पुन्हा पाठांतरच. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळप्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये ही कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय असल्याचं जाहीरपणे सांगितलं, त्या कोड्यांनी सुखावतो तो विचारणारा. त्यापेक्षा प्रोग्रामरकडून प्रोग्रामच लिहून घ्यावा.