शहरी वायुप्रदूषण व वृद्धांचे आरोग्य

शहरांच्या हवेतील सूक्ष्म धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन इत्यादी प्रदूषकांचा उतारवयातील शरीरावर व दैनंदिन जीवनावर होणारा परिणाम. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, कारखाने, कोळशावरील वीजकेंद्रे आणि उघड्यावर जाळला जाणारा कचरा हे या प्रदूषकांचे प्रमुख स्रोत आहेत.

वृद्धांना सर्वाधिक घातक ठरतात ते २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण (पीएम २.५). जाडसर धूळ बहुतांशी नाकाघशात अडते. पीएम २.५ कण मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. आत गेलेली धूळ कफाबरोबर वर ढकलणाऱ्या श्वासनलिकांतील केसांसारख्या तंतूंची हालचाल वयानुसार मंदावते. फुप्फुसांची लवचिकता घटते आणि खोकल्याचा जोरही ओसरतो. कणांमुळे होणारा दाह रक्तवाहिन्यांपर्यंत पसरतो व गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. प्रदूषण म्हणजे दमा-खोकला, हा समज त्यामुळे अपुरा आहे. बाहेरील प्रदूषित हवेने होणाऱ्या अकाली मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू हृदयविकार व पक्षाघात यांचे असतात. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२० मध्ये टाळता येण्याजोग्या धोक्यांच्या यादीत वायुप्रदूषणाचाही समावेश केला.

या विषयातील सर्वांत परिचित उदाहरण लंडनचे आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात थंड, स्थिर हवेमुळे कोळशाचा धूर शहरावर साचून दाट धुरके पसरले. सुरुवातीला सुमारे ४,००० जादा मृत्यूंचा अंदाज होता; पुढील संशोधनात तो सुमारे १२,००० पर्यंत गेला. मृतांत वृद्ध आणि आधीच छातीचे वा हृदयाचे विकार असलेले लोक मोठ्या संख्येने होते. अनेकांच्या मृत्यूची नोंद न्यूमोनिया वा ब्राँकायटिस अशी झाल्याने धुरक्याचा वाटा लगेच ध्यानात आला नाही. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवा कायदा केला.

भारतीय शहरांत हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर खालीच कोंडतो. ज्येष्ठांची फिरायला जाण्याची वेळ नेमकी तीच. अशा दिवसांत घरात थांबण्याचा सल्ला योग्य असला, तरी त्यापायी चालणे आणि बागेतील कट्ट्यावरच्या गप्पा बंद पडतात, एकटेपणा वाढतो. शिवाय रस्त्यालगतच्या घरात बाहेरचीच हवा शिरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘सफर’ यंत्रणेचे हवेच्या प्रदूषणाविषयीचे अंदाज फिरण्याची वेळ ठरवायला उपयोगी पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मर्यादा (२०२१) घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, तर भारताची (२००९) ४०. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. मात्र त्यात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० या जाडसर कणांवरून जोखली गेली. त्यामुळे रस्त्यांवर पाणी मारणे व झाडलोट यांना झुकते माप मिळाले आणि ज्वलनातून निघणारे, वृद्धांना अधिक बाधणारे कण मागे राहिले.