पाइनच्या बनातली माती

घरात कुणी टीबीचा कोर्स केला असेल, तर लघवीला येणारा नारिंगी रंग तुम्हाला ठाऊक असेल. हा रंग रिफॅम्पिसिनचा. या औषधाची गोष्ट सुरू होते फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर.

१९५७ साली सां राफाएल गावाजवळच्या पाइनच्या बनातली माती मिलानमधल्या लेपेटित कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूपासूनच मिळालं होतं, त्यामुळे औषध कंपन्या तेव्हा ठिकठिकाणची माती तपासत होत्या. या मातीत पिएरो सेन्सी आणि मारिया तेरेसा तिंबाल यांच्या चमूला एक नवा जिवाणू सापडला. तो बनवत असलेल्या द्रव्यांना त्यांनी ‘रिफिफी’ या गाजलेल्या फ्रेंच सिनेमावरून नाव दिलं : रिफामायसिन.

पण जिवाणू सापडला म्हणजे औषध सापडलं, असं होत नाही. त्यातून निघायचं अनेक द्रव्यांचं मिश्रण. त्यांतलं सहज शुद्ध करता येणारं रिफामायसिन-बी स्वतः जवळजवळ निष्प्रभ होतं. मात्र त्याचं पाण्यातलं द्रावण ठेवून दिलं, की ते हळूहळू प्रभावी होई. या निरीक्षणातून रिफामायसिन-एसव्ही मिळालं, तर ते तोंडावाटे घेऊन शरीरात नीट शोषलं जाईना. मग रेणूत फेरफार करत राहणं आलं. पोटातून घेता येईल असं रिफॅम्पिसिन १९६५ साली तयार झालं आणि १९६८पासून वापरात आलं.

याने काय बदललं? पूर्वी टीबीचे उपचार दीड-दोन वर्षं चालत. रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड एकत्र वापरल्यावर ते सहा महिन्यांवर आले. हातावर पोट असणाऱ्या माणसासाठी हा फरक जगण्यामरण्याचा होता.

रिफॅम्पिसिन जिवाणूच्या आरएनए बनवणाऱ्या विकराला जखडून ठेवतं. त्या विकराच्या जनुकात ८१ अक्षरांचा एक तुकडा आहे. त्यातलं एखादं अक्षर बदललं, तरी औषध निकामी होऊ शकतं. असे बदललेले मोजके जिवाणू उपचारांआधीच शरीरात असू शकतात. म्हणून हे औषध एकटं देत नाहीत आणि कोर्स अर्धवट सोडू देत नाहीत. आज थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत हाच तुकडा पाहतात. त्यात बदल दिसला, की सां राफाएलच्या मातीतून आलेलं औषध त्या पेशंटच्या उपयोगाचं राहत नाही. मग दुसरी औषधं शोधावी लागतात.