‘सिंहगड’ची रात्र

४ फेब्रुवारी १६७०. तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी कोंढाणा घेतला तो रात्री. २५३ वर्षांनी कोल्हापुरात बाबूराव पेंटर हाच प्रसंग चित्रित करू लागले, तेव्हा खरी अडचण रात्रीचीच होती. भारतीय मूकपट तोवर सूर्यप्रकाशावर जगत होता. भरदिवसा चित्रित केलेली फीत निळ्या रंगात बुडवून तिला रात्र म्हणण्याची युक्ती तर जगभर रूढ होती.

दिवे लावावेत, तर कोणतेही चालत नसत. त्या काळच्या फितीला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे साध्या विजेच्या दिव्याचा पिवळसर उजेड तिला अपुरा पडे. कार्बन आर्कचा निळसर, प्रखर झोत तिला मानवे. डोळ्यांची आग मात्र नटांनी सोसायची.

‘सिंहगड’मध्ये (१९२३) पेंटरांनी कृत्रिम प्रकाशाने चांदणे आणि धुके पडद्यावर आणले. भारतीय चित्रपटातील असा हा पहिला प्रयोग मानला जातो. पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे; सावली कुठे ठेवावी, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. माघ वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतरच उगवतो. तेव्हा ते चांदणे इतिहासाला कितपत धरून होते, हा वाद वेगळा.